शनिवारी बदललेली ओळ

मी एक जुना संगणक आहे. पनवेलजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात, गोदामातल्या रिकाम्या पिंपांमागे मला टाकून दिले आहे. माझ्या पाठीमागे पालीने अंडी घातली आहेत. त्याचे मला काही वाटत नाही, मित्रांनो. पाल निदान कोणाला फसवत नाही.

१९९३ साली मी इथे आलो तेव्हा माझे काय कौतुक! गळ्यात झेंडूचा हार घातला, की-बोर्डला कुंकू लावले. ते कुंकू एका बटणाखाली गेले आणि बटण महिनाभर अडकत होते. माझे काम नोंदी ठेवण्याचे. कारखान्यातला कोणता व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, हाताने की कंट्रोल रूममधून, आणि कोणी, हे मी आपोआप लिहून ठेवत असे.

मला शहाणे केले सामाजी आपटेकरांनी. हे आमचे संगणकाचे इंजिनिअर, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले. त्यांनी माझ्यात एक पहारा बसवला. नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रामला फक्त पुढची ओळ लिहिण्याची परवानगी. मागची ओळ त्यालाही पुसता येत नसे. साहेबांनी नोंदी वाचाव्यात, पण बदलू नयेत. मॅनेजर कृष्णकांत साहेबांनी एकदा आपला पासवर्ड टाकून एक ओळ पुसायचा प्रयत्न केला. मी चक्क नकार दिला, आणि वर त्याचीही नोंद केली.

"अहो सामाजी, मी मॅनेजर आहे ना इथला?" साहेब चिडून म्हणाले.

"म्हणूनच, साहेब," सामाजी शांतपणे म्हणाले. "माणूस बघून बदलला तर तो पहारा कसला? माझंसुद्धा तो ऐकत नाही."

ते ऐकून माझी छाती फुगली. पहारा उठवायला एकच फ्लॉपी होती आणि ती सामाजींच्या कुलूपबंद खणात असे. सामाजींचाही एक नियम होता. शुक्रवारी दुपारी चारला ते घरी निघत. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारभर त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी ते कुठल्याही बटणाला हात लावत नसत. शनिवारी मी रुसून बसलो तर सगळा कारखाना सोमवारची वाट बघे, पण त्यांना बोलावणे पाठवत नसे. मला वाटे, आम्ही दोघे एकाच मातीचे.

१९९७ च्या मार्चमधला तो शुक्रवार. सामाजी घरी गेले होते. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरचा जगन, ठमाबाईचा मुलगा, खाली पाइप साफ करत होता. माल आजच निघायला हवा म्हणून कृष्णकांत साहेब घाईघाईने माझ्यासमोर बसले आणि खाली माणूस आहे की नाही हे न विचारता त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. मी लिहिले: पाच वाजून बारा मिनिटे, व्हॉल्व्ह चार उघडला, कंट्रोल रूममधून, कृष्णकांत. खालून जगनची किंकाळी ऐकू आली. गरम रसायनाने त्याचा हात आणि पाठ भाजली होती.

शनिवारी सकाळी कंट्रोल रूमचे दार उघडले आणि आत आले सामाजी. मागे कृष्णकांत साहेब. सामाजी हे कुटुंबासह इस्रायलला जायच्या तयारीत होते. तिथे नोकरी मिळवायला इथल्या कामाचा दाखला हवा होता, आणि त्यावर साहेबांची सही व्हायची होती. सामाजींनी खणातून फ्लॉपी काढली. मला बंद केले आणि पहाऱ्याशिवाय सुरू केले. ज्या हातांनी मला सरळ राहायला शिकवले, त्याच हातांनी 'कंट्रोल रूममधून, कृष्णकांत' हे शब्द पुसून 'हाताने, जगन' असे लिहिले. मग आपल्या येण्याची खूणही पुसली आणि पहारा पुन्हा बसवला. मी ओरडणार कसा? मला जेवढे लिहू देतात तेवढेच मला बोलता येते.

सोमवारी तपासनीस आले. ठमाबाईही आली, हॉस्पिटलमधून थेट.

"माजा जगन सांगतो, वॉल वरून उघाडला," ती म्हणाली. "त्यानं हात नाय लावला."

"बाई, ही नोंद बघा," कृष्णकांत साहेब म्हणाले. "हे मशीन माझंसुद्धा ऐकत नाही. पहारा उठवू शकतात ते फक्त सामाजी. आणि ते शुक्रवारी चारनंतर इथे नसतात. साऱ्या कारखान्याला विचारा."

बघा मित्रांनो, माझा चांगुलपणा आणि सामाजींचा धर्म, दोन्ही एका खोट्याला टेकू म्हणून लावले.

ठमाबाई सामाजींपुढे उभी राहिली. "दादा, तुमी देवाला मानता. तुमीच सांगा. या पेटीत कोनी हात घातला काय?"

सामाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मावशी, शनिवारी मी मशीनला हात लावत नाही," ते म्हणाले.

ठमाबाईने त्यांना हात जोडले आणि ती खाली मान घालून निघून गेली. तपासनीसांनी कागदावर जगनची चूक लिहिली. त्याचे काम सुटले. दोन महिन्यांनी सामाजीही इस्रायलला गेले. जाताना माझ्याकडे फिरकले नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखी यंत्रे वापराल. आम्हाला पुसा, झाका, धुळीपासून जपा. पण तेवढ्यावर थांबू नका. कुलूप किती मजबूत आहे हे सांगणारा भेटला, तर किल्ली कोणाकडे आहे हे आधी विचारा. आणि ज्याच्याकडे किल्ली आहे, त्याच्यावर कोण लक्ष ठेवतो तेही विचारा.

पावसाळ्यानंतर जगन आपला डबा आणि चपला न्यायला आला होता. उजव्या हाताची बोटे मिटत नव्हती. कंट्रोल रूमच्या दारात थांबून त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. सोबतच्या वॉचमनने विचारले, "काय रे, खरंच तू उघडला होतास?"

"मला तर नाय आठवत," जगन म्हणाला. "पन मशीननं लिवलंय ना. माजाच हात लागला असंल."