कूलरसमोरचा काटा

बेटम्याच्या रस्त्यावरच्या नेमबाजीच्या रेंजवर निवड चाचणी संपली, तेव्हा तीनशे मीटरवरून आणलेल्या इरावतीच्या निशाणाच्या कागदावर भोकं वर-खाली पसरली होती. राज्याच्या संघात तिचं नाव लागलं नाही. मंडपात सगळे कचोरी खात बसले असताना तिचा नवरा निशांत तो कागद उंच धरून म्हणाला, "गोळ्या सगळ्या एका वजनाच्या, पण बाईसाहेबांचा श्वास दर वेळी निराळा. आता श्वासाची प्रतवारी कोण करणार?"

मंडळी हसली. क्लबचे सेक्रेटरी चिंतामणजी तर ठसका लागेस्तोवर हसले. इरावतीही हसली. घरी येताना गाडीत मात्र म्हणाली, "रायफल विकून टाकू. चिंतामणजींशी बोललेय, परवा गिऱ्हाईक घेऊन येताहेत."

निशांतला वाईट वाटलं. नेमबाजी तिची, तयारी त्याची, अशी या घरातली वाटणी होती. काडतुसाच्या टोकाला बसणारी प्रत्येक गोळी तो उजेडात फिरवून बघायचा, ओरखडा असलेली बाजूला काढायचा, उरलेल्या काट्यावर तोलून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत टाकायचा. पहिला डबा स्पर्धेचा, बाकीचे सरावाचे. काडतुसांतली दारूही त्याच काट्यावर मोजलेली. सगळं एकसारखं नसलं तर इतक्या लांब नेम एका जागी उतरत नाही. "माझ्या काट्यावर सोनारानं डोळे मिटून सोनं तोलावं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबे आवरायला बसला. गिऱ्हाइकाला नीट लावून द्यावेत, एवढाच हेतू. तेवढ्यात बत्ती गुल झाली आणि कूलर घरघरत थांबला. काटा सेलवर चालणारा. निशांतने पहिल्या डब्यातली एक गोळी सहज त्यावर ठेवली. आकडा जुळेना. दुसरी ठेवली, ती जास्तच जड. तिसरी हलकी. काटा तपासायचं छोटं वजन ठेवलं, तर ते बरोबर! काटा खरा होता, डबा खोटा होता.

वीज आली. कूलर सुरू झाला आणि तेच वजन जागेवर असताना आकडा डोलायला लागला.

काट्याचं काचेचं झाकण उन्हाळ्याच्या तोंडावर फुटलं होतं; नवं आणायचं राहून गेलं होतं. स्पर्धेच्या गोळ्या तोलत असताना इरावती म्हणाली होती, "अरे, कूलर बंद कर ना. काट्यावर हवा येतेय." आकडा क्षणभर थांबला की तोच खरा मानत त्याने मान वर न करता उत्तर दिलं होतं, "तू नेम धर. काटा मी बघतो."

त्याचे कान तापले. पहिला विचार आला तो सगळे डबे एकात एक ओतून टाकण्याचा. रायफल उद्या जाणार, डबे तिच्याबरोबर. कुणाला कळणार होतं? त्याने झाकणं उघडलीसुद्धा.

आतल्या खोलीत इरावती चटईवर पालथी पडून होती. रिकामी रायफल खांद्याला लावून ती श्वास सोडत होती, धरत होती, पुन्हा सोडत होती. विकायच्या रायफलीवर स्वतःची चूक शोधत होती.

"इरा," तो दारातूनच म्हणाला, "तुझा श्वास ठीक होता."

त्याने सगळं सांगितलं. कूलर, झाकण, आणि डबे ओतायला निघाला होता तेही. ती उठून बसली. रायफल चटईवर आडवी ठेवली.

"हे मला का सांगतोयस? काल मंडपात कोण कोण होतं?"

"सगळेच."

"मग सगळ्यांना सांग."

"मी चिंतामणजींना फोन लावतो ना आत्ता."

"का? कचोरी खात सगळे फोनवर हसले होते काय?"

गिऱ्हाइकाला तिने चहा पाजून परत पाठवलं. संघातली जागा मात्र गेली ती गेलीच.

रविवारी रेंजवरच्या मंडपात सगळे जमले, कचोऱ्या आल्या. निशांत उठला. कूलर, झाकण, डबे, सगळं त्याने सांगितलं; हातातल्या द्रोणातलं तेल शर्टावर सांडलं तरी त्याला कळलं नाही.

"म्हणजे निशांत भिया," चिंतामणजी हळूच म्हणाले, "आम्ही वहिनींना उगाच हसलो?"

"हो."

त्याला वाटत होतं, आता कुणीतरी टोमणा मारेल, सगळे खो-खो हसतील आणि सुटका होईल. चिंतामणजींनी द्रोण खाली ठेवला. कुणीच हसलं नाही.