अष्टमीचं कीर्तन कोणी केलं

या, अशा जवळ येऊन बसा. सतरंजीवर पुष्कळ जागा आहे. गोष्ट आमच्या ग्वाल्हेरच्या केदारची आहे, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. मला तो खाली आणायचा नाही.

केदार सिनेमात काम करतो. चौकाचौकांत पोस्टर लागतात त्या सिनेमांत नव्हे. चार मित्र मिळून एका कॅमेऱ्यावर करतात, देशोदेशीच्या महोत्सवांत दाखवतात आणि आपल्या गावच्या टॉकीजला कधी लागत नाहीत, त्या सिनेमांत. बिर्ला नगरच्या बंद गिरणीतला कामगार उभा करायचा होता, तर गडी दोन महिने तिथल्याच चाळीत खोली घेऊन राहिला. परदेशात लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या म्हणे. इकडे मोठ्या कंपन्यांनी तीनदा बोलावलं. कशाला? मनगट मुरडून लोकांना हसवायला. तिन्ही वेळा तो नको म्हणाला.

असल्याच भूमिका का, तर पेपरातल्या एका मुलाखतीत त्याने सांगून टाकलं होतं, 'मी समलिंगी आहे. अंशुल माझा जोडीदार, सहा वर्षं आम्ही एकत्र राहतो.' आपण घराचा पत्ता सांगतो, तितकं सरळ.

अभिनय तो शिकला गोपाळकृष्णबुवांकडे. पंधरा वर्षं कीर्तनात त्यांच्या मागे झांज घेऊन उभा राहिला. बुवा एकाच उपरण्याचा पदर घेऊन राणी होत, तेच कमरेला गुंडाळून नावाडी होत. केदार मला म्हणायचा, "काकू, कॅमेऱ्यासमोर मी हेच करतो. बस, उपरणं नसतं."

यंदा माघात बुवांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. रामाच्या उत्सवात अष्टमीचं कीर्तन गेली पन्नास वर्षं त्यांचंच. त्यांनी मंडळाला चिठ्ठी पाठवली: माझ्या जागी केदार उभा राहील.

समिती बसली. मीही समितीत आहे. कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालण्याचं काम बावीस वर्षं माझ्याकडे. आमचे सचिव सदाशिवराव, किला गेटचे, निवृत्त इंजिनिअर. ते म्हणाले, "सत्कार करू की त्याचा! शाल देऊ, नारळ देऊ. पण गादी? वनमालाताई, मला त्याच्या पाया पडावं लागेल!"

खरंच पडावं लागतं. कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी. तिथे उभा असलेला वयाने कितीही लहान असो, सगळे त्याच्यापुढे वाकतात. तो कुणापुढे वाकत नाही.

मग केदारला बोलावलं. सदाशिवराव अगदी मधाळ झाले. "बेटा, सुरुवातीला एक वाक्य बोल. 'पेपरात आलं ते भूमिकेविषयी होतं, माझ्याविषयी नव्हे.' इतनी सी बात. मग दोन तास गादी तुझी."

"काका, खोटं मी सिनेमात बोलतो ना. कामच आहे ते. गादीवरून कसं बोलू?"

"अरे, समाजाचा मान असतो काही..."

"और अंशुल? वो सामने बैठा होगा. त्याच्याकडे बघून बोलू?"

"त्याला आणूच नको!"

केदार उठला, आम्हा सर्वांना नमस्कार केला आणि गेला. कीर्तन रद्द झालं. बुवांनी नुसतं दर्शन द्यावं, असं ठरलं.

अहो, याच गादीवर आम्ही असेही महाराज उभे केले, ज्यांच्या सुनेचं रडणं गल्लीभर ऐकू येई! त्यांच्या पायांवर डोकी ठेवली. त्यांना कुणी विचारलं, सुरुवातीला एक वाक्य बोला म्हणून? आणि केदार बैठकीतून उठून गेला तेव्हा मी काय केलं? चहाचे कप गोळा केले.

अष्टमीला बुवा आले ते अंगरखा, पगडी, उपरणं अशा पूर्ण वेषात. मांडलेल्या खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ गादीवर जाऊन उभे राहिले आणि चिपळ्या वाजवल्या. मागे केदार झांज घेऊन उभा. झांजेला कोण हरकत घेणार? बुवांचे ओठ हलत होते, हात बोलत होते, आणि आवाज मागून येत होता. सगळा पूर्वरंग असा झाला.

मध्यंतराला नामगजर सुरू झाला. मी बुक्क्याचं तबक घेऊन उठले. बुवांनी मला हातानेच थांबवलं. ते गादीवरून उतरले, केदारचं मनगट धरून त्याला तिथे उभं केलं, आणि त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने शिष्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

सदाशिवराव ताडकन उठले. "चला हो!" त्यांच्यामागून निम्मं सभागृह उठलं. दारातून त्यांनी हाक मारली, "वनमालाताई!"

आणि मी, चाळीस वर्षं कीर्तनं ऐकून डोळे पुसणारी मी, तबक हातात धरून खांबासारखी उभी राहिले. ना गेले, ना पुढे झाले. बुवांनी क्षणभर वाट पाहिली, मग स्वतःच माझ्या तबकातला बुक्का घेऊन केदारला लावला.

आख्यान रामाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्याचं होतं. नावाडी देवाशी असा भांडला, असा हसला, की उरलेले आम्ही होडीतच बसलो होतो जणू. शेवटच्या रांगेत अंशुल गुडघ्यावर ताल धरून बसला होता. आरतीनंतर मी सर्वांच्या मागून गेले. वाकू लागले तर केदार हळूच म्हणाला, "राहू द्या काकू, गुडघे दुखतात ना तुमचे?" मी तरी वाकले. दुखू देत मेले.

गेल्या आठवड्यात मंडळाची स्मरणिका निघाली. त्यात छापलंय: 'अष्टमी. ह. भ. प. गोपाळकृष्णबुवा यांचे सुश्राव्य कीर्तन.' आवाज गेलेल्या माणसाचं सुश्राव्य! मी सदाशिवरावांच्या घरी जाऊन अंक त्यांच्यासमोर आपटला. म्हणाले, "छप गया ताई, अब क्या!"

छापील कागद मला पुसता येत नाही. पण तुम्ही ऐकलंत ना? मग मनात ठेवा. उद्या त्या सभागृहात बसाल, तेव्हा शेजारच्याला सांगा, की यंदा अष्टमीला इथे केदार उभा होता आणि तो खोटं बोलला नाही. त्याची आठवण ठेवा. एवढंच मागते.