डाव्या बाजूचं व्हायोलिन

सासऱ्यांच्या जुन्या कम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स मी बसवलं, त्यामुळे त्यात काहीही अडलं की ते माझंच पाप असतं. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फोन मलाच. या वेळी मात्र मी न बोलावता गेलो, कारण घरी बायको तोंड फुगवून बसली होती.

ती व्हायोलिन वाजवते. तिचे वडील चाळीस वर्षं वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवून निवृत्त झाले. त्याच वाद्यवृंदात एक जागा रिकामी झाली होती आणि निवडीसाठी शनिवारपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. बाबांनी हो म्हटल्याशिवाय ही काहीच पाठवत नाही. तिने एका मैत्रिणीच्या पियानोच्या साथीवर वाजवून त्यांना पाठवलं, पुन्हा वाजवून पुन्हा पाठवलं. दोन्ही वेळा उत्तर एकच: पियानोवाली छान वाजवते.

"लेकी बोले सुने लागे," बायको म्हणाली. "फक्त इथे लेकही मीच आणि सूनही मीच. मला जमत नाही हे तोंडावर सांगवत नाहीये त्यांना. राहू दे, नाही पाठवत मी."

"आवाजच नीट येत नसेल त्यांना."

"हो ना. तुझं ते लिनक्स."

मी किल्ली उचलली आणि सासऱ्यांकडे निघालो.

सासरे हेडफोन लावूनच बसले होते. "व्हायोलिन फार लांबून येतं," ते म्हणाले. "बुजल्यासारखी वाजवते हो हल्ली. तिला कसं सांगू? म्हणून पियानोचं कौतुक केलं."

रेकॉर्डिंगला दोन माइक होते; व्हायोलिन डाव्या बाजूला, पियानो उजव्या. म्हणजे साउंड कार्डची डावी बाजू झोपली असणार. मी कम्प्युटरमधला आवाजाचा मिक्सर उघडला. काळ्या पडद्यावर प्रत्येक आवाजाचा एक उभा खांब असतो, आणि खांबाच्या तळाशी दोन एम दिसले की तो आवाज बंद. एम कुठेच नव्हते. दोन्ही बाजू सारख्याच वर चढवलेल्या. मग मी चाचणीची कमांड दिली. त्यात एक बाई आळीपाळीने 'डावा', 'उजवा' असं इंग्रजीत सांगते.

"काय म्हणते?"

"उजवा. मग गप्प. मग परत उजवा."

मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. बाई दोन्हीकडून खणखणीत बोलत होती. मग तेच हेडफोन उलटे करून त्यांच्या डोक्यावर चढवले.

"आता नुसतं डावा म्हणते," सासरे म्हणाले.

कार्ड ठणठणीत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि कसं सांगावं ते सुचेना. सांगायची वेळही आली नाही. त्यांनी हेडफोन काढले आणि डावा कान चोळला.

"चाळीस वर्षं व्हायोलिन याच कानाखाली होतं," ते म्हणाले. "थोडं कमी येतं एवढंच वाटायचं मला. गेलाच की हा."

मी सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र मिसळून दोन्ही कानांना सारखाच जाईल असं केलं. संगीतातले जाणकार याला नाक मुरडतील. मुरडोत. सासऱ्यांनी डोळे मिटून रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकलं. अर्ध्यातच त्यांच्या कपाळावर आठी पडली. आवाज आला नव्हता तेच बरं होतं, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

त्यांनी स्वतःच लेकीला फोन लावला.

"अगं, माझा डावा कान गेलाय. तुझं व्हायोलिन मी आज पहिल्यांदा ऐकलं. स्वरलिपीच्या दुसऱ्या पानावर धावतेस. शेवटचा वरचा सूर किंचित उतरतो. आणि गज तारांवरून पुरता ओढत नाहीस, मध्येच सोडून देतेस. उद्या परत वाजव, मग पाठव त्यांना."

पलीकडून बायकोचा रडवेला आवाज मलाही ऐकू आला.

"अजून काय चुकतंय बाबा? सगळं सांगा."