सगळ्यात खालची फळी

मिठागरं बंद पडली, कालवा गाळाने अर्धा भरला. डोंबिवलीजवळच्या या खाडीकाठच्या वाडीत कालव्याच्या जुन्या पाणदरवाजाच्या दोन दगडी भिंती तेवढ्या उरल्या आहेत. समोरासमोर, आठ फुटांवर. प्रत्येकीत एक उभी खाच. उधाण आलं की खाचांत सात फळ्या एकावर एक सोडायच्या. एकीकडे ठेवल्या तर कुणीतरी जाळील म्हणून प्रत्येक घराकडे एकेक फळी दिलेली होती.

पुढे त्या भिंतींलगत लोखंडी दार बसलं आणि फळ्या घरांत जिरल्या. गेल्या आठवड्यात त्या दाराची साखळी तुटली आणि ते उघडंच अडकून राहिलं. दुरुस्तीचा माणूस सोमवारी येणार होता. शनिवारी अमावस्येच्या भरतीचं पाणी भागीरथीच्या उंबऱ्याला लागलं. रविवारी दीड वाजता ते आणखी फूटभर चढणार होतं. आत तिचा नवरा दाजी खाटेवर होता. खुब्याच्या ऑपरेशननंतर चारच दिवसांपूर्वी घरी आणलेला, आणि त्याला उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

सकाळी मुलगा दिपेश घरोघर फिरला. एक फळी फ्रिजखाली निघाली, एक मोटरसायकल चढवायला पायरीवर टाकलेली. सहा मिळाल्या. पण तळाच्या दगडाला मधे फुगवटा आहे आणि तसा खळगा एकाच फळीला कोरलेला. ती आधी बसल्याशिवाय बाकीच्या बसून उपयोग नाही. ती होती सगुणाकडे. जाळी सुकवायच्या जागेवरून भागीरथीशी भांडून सगुणा सात वर्षांपूर्वी वर्तकनगरला मुलाकडे गेली, तेव्हा घराची म्हणून फळीही घेऊन गेली होती.

दिपेशने नंबर लावून फोन आईच्या हातात दिला. भागीरथीने दाजीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. मग सगुणा म्हणाली, "निस्ती फली पायजे का मी पन येऊ?"

"दोगी या," भागीरथी म्हणाली.

सगुणा पावणेबाराला टेम्पोतून उतरली. फळीवर टीव्हीच्या पायांचे चार ठसे होते. कालव्यात पाणी गुडघाभर आलं होतं. दिपेश आणि वाडीतल्या तिघांनी फळी खाचेत सोडली. ती तिरकी अडकली. सगुणाने काठावरून ती उलटी धरल्याचं सांगितलं, शिवाय इंजिनिअरिंग शिकायला फी किती भरलीस, असंही दिपेशला विचारलं. फिरवल्यावर फळी दगडावर चपखल बसली. वरच्या सहा भराभर गेल्या. सुकलेल्या फळ्यांच्या फटींत गोणपाट आणि चिखल कोंबला.

दीड वाजता पाणी वरच्या फळीपासून चार बोटं खाली थांबलं. थोडं झिरपलं, ते अंगणातच राहिलं. पावणेदोनला भरती उतरू लागली. दाजी घोरत होता. त्याच्या खाटेखालची जमीन कोरडी होती. भागीरथीने तरी वाकून हाताने चाचपून पाहिली.

पूर्ण ओहोटी होईपर्यंत तळाची फळी काढता येणार नव्हती, म्हणजे संध्याकाळचे सात. सगुणा दारातच उभी राहून टेम्पोवाल्याला फोनवर थांबायचे किती घेणार ते विचारत होती. भागीरथीने तिच्या हातातून फोन घेतला आणि त्याला सांगितलं, "तू जा. ती जेवून राहील."