दार्केमची इद्दत

माझ्या नवऱ्याची पहिली बायको तैवानहून परत येतेय, ही बातमी मला कुणी द्यावी? मासळीबाजारातल्या बर्फवाल्यानं! तीही माझ्याच खाण्याच्या गाडीवर उभं राहून, माझंच रुंबाह चापता चापता. "रास्निती, दार्केम येतेय म्हणे पुढच्या आठवड्यात. आता तुझ्या घरात गर्दी!" मी त्याच्या पानातल्या उकडलेल्या पाल्यावर मिरचीचा रस असा ओतला की बेट्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. खा म्हटलं, अजून वाढू का?

घरात गर्दी कशी होईल? तार्सिवाननं तिला चार वर्षांपूर्वीच तलाक दिलाय. निदान तो तसं सांगतो. त्याच्या शब्दावर विसंबून आमच्या मशिदीतल्या इमामांनी घरच्या घरी आमचा निकाह लावला आणि मी त्याच्याकडे राहायला आले. सरकारी नोंद तेवढी राहिली, कारण त्या नोंदीला त्याचा तलाकचा दाखला लागतो. दाखल्याचं नाव काढलं की हा म्हणायचा, "आहे गं कोर्टात. आणू सावकाश. पळून जातोय का?" दाखला नाही पळून जात. नवरे जातात.

आणि ते घर! दार्केमनं तैवानात परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करून पैसे पाठवले, त्यातून हे उभं राहिलं. हिरव्या फरशा तिच्या पसंतीच्या. फोनवर रंग सांगितला म्हणे. त्या मी रोज पुसते, आणि पुसताना रोज तिला शिव्या घालते. फोटोत पाहिली होती तिला. नाक बसकं, रंग माझ्यापेक्षा काळा. पण हसायची अशी की... जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी तार्सिवानला दंडाला धरून धर्मकोर्टात नेलं. ती विमानातून उतरायच्या आत मला तो दाखला हातात हवा होता.

खिडकीमागे जाड चष्म्याची एक बाई बसली होती. त्याचं ओळखपत्र घेऊन तिनं संगणकावर शोधलं, मग माझ्याकडे पाहिलं. "दार्केम बिन्ती वासलान तुम्हीच का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी कशाला दार्केम असेन? मी यांची बायको!"

"नोंदीत बायको म्हणून दार्केमच आहे."

"तिला तलाक दिलाय ना!"

"कुठे दिलाय? तलाकची परवानगी मिळाली होती. त्यानंतर यांनी न्यायाधीशांसमोर येऊन तोंडानं तलाक उच्चारायचा असतो. त्या तारखेला हे आलेच नाहीत. सहा महिन्यांत उच्चारला नाही की परवानगी रद्द होते. लग्न जसंच्या तसं आहे."

मी तार्सिवानकडे पाहिलं. तो छताचा पंखा पाहत होता.

"कांग," मी नवऱ्याला रोजच्यासारखीच हाक मारली, "कुठं होतास त्या दिवशी?"

"नाद्रान होतं गं," तो पुटपुटला. "होडी सजवायची होती. सगळा गाव म्हशीचं मुंडकं घेऊन समुद्राला नैवेद्य दाखवायला निघालेला, मी एकटा कोर्टात येऊ? आणि मला वाटलं, न्यायाधीश हो म्हणाले म्हणजे झालंच की. आता तोंडानं काय म्हणायचं राहिलं?"

"म्हशीचं मुंडकं सोडायला वेळ होता, आणि बायको सोडायला नव्हता?"

मागची रांग फिदीफिदी हसली. खिडकीतली बाई म्हणाली, "रागावू नका, किनाऱ्याकडचे बरेच पुरुष हीच चूक करतात." करत असतील. माझा नाही विश्वास बसला. नाद्रान दरवर्षी येतं. सोडायचंच असतं तर होडीवरून उडी मारून पोहत आला असता. तिथल्याच बाकावर बसवून मी त्याच्याकडून तलाकचा नवा अर्ज भरून घेतला. सही करताना म्हणतो कसा, "पेन चालत नाही." मी अंबाड्यात खोचलेलं माझं पेन काढून दिलं.

दार्केम आली ती थेट माझ्या गाडीवर. मी ओळखलं तिला. जाड झाली होती, तेवढंच मला बरं वाटलं. "रुंबाह दे गं. तिखट." मी बर्फवाल्याला वाढलं होतं त्याच्या दुप्पट तिखट वाढलं. तिनं सगळं खाल्लं, डोळ्यांत टिपूस नाही, आणि बोटं चाटत म्हणाली, "मीठ कमी आहे, नोक."

नोक! आमच्याकडे पोरसवदा मुलींना म्हणतात तसं. मी काय पोर आहे? पण वयानं मोठी बाई, तिला यायू म्हणावंच लागतं. "घ्या मीठ, यायू," म्हटलं.

"ऐक. त्याला त्याचा अर्ज मागे घ्यायला सांग," ती म्हणाली. "मीच टाकते अर्ज. बायकोनं मागितलं की नवऱ्याला तोंड उघडायचं कामच नाही, न्यायाधीश स्वतःच लग्न तोडून टाकतात. त्याची आजवर मासळीवाल्याशी घासाघीस करायची छाती झाली नाही, तो तलाक काय उच्चारणार? मी इद्दत, तलाकनंतरचे थांबायचे महिने, आईच्या खोपटात काढते आणि पुन्हा तैवानला जाते. तू तुझी चूल सांभाळ."

वरवर बघता भल्याची गोष्ट होती. पण मी काय दूधखुळी आहे? मला तिचा डाव दिसला. जी आपणहून सोडून जाते तिच्यासाठी पुरुष जन्मभर झुरतो. ओटीवर बसून समुद्राकडे बघत उसासे टाकणार हा, आणि मी भात वाढणार! ते काही नाही. त्यानंच तिला सोडायला हवं होतं, त्याच्याच तोंडानं, आणि मला ते माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

"काही गरज नाही," मी म्हटलं. "माझा नवरा मुका नाही."

"तुझा?" ती हसली. ते फोटोतलं हसू. "बरं बाई. तू म्हणशील तसं."

कोर्टात आधी समेटाची बैठक असते. दोघांना एका खोलीत बसवतात, समोर एक मध्यस्थ, आणि दार बंद. मला शिपायानं बाहेर बसवलं. "तुम्ही पक्षकार नाही." मी त्या बंद दाराकडे बघत हाताची नखं खाल्ली. आत कुणी भांडत नव्हतं. भांडले असते तर मला गोड वाटलं असतं. मधेच तार्सिवानच्या हसण्याचा आवाज आला. कोर्टात कोण हसतं?

बाहेर आल्यावर विचारलं, "काय झालं आत?"

"काही नाही. समेट नाही झाला."

"मग हसत काय होतास?"

"ती गुडघ्याचं विचारत होती. दुखतो का अजून."

तेवढंच. पण मला रात्रंदिवस तो गुडघा छळायला लागला. त्याचा गुडघा दुखतो हेच मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "कुठला?" तर म्हणतो, "आता बरा आहे." म्हणजे तिला माहीत, आणि मला सांगायचं नाही!

पुन्हा परवानगी मिळाली. तलाक उच्चारायच्या दिवशी मी त्याला इस्त्रीचा सदरा घातला, केसांना तेल लावलं आणि मोटारसायकलवर त्याच्या मागे बसून गेले, त्यानं वाटेत कुठं उतरू नये म्हणून. त्या दिवशी दार उघडं होतं. मी मागच्या बाकावर, ती पुढे, तो मधे उभा.

न्यायाधीशांनी सांगितलं, म्हणा. त्यानं घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग तो म्हणाला, "मी तार्सिवान, माझी बायको दार्केम बिन्ती वासलान हिला एक तलाक देतो."

मी जिंकले होते. आनंदानं टाळी वाजवावी असा क्षण. पण तिचं नाव त्यानं कसं घेतलं! हळू, जपून, भरल्या वाटीतलं तेल सांडू नये तसं. माझं नाव तो घेतच नाही. सकाळ-संध्याकाळ नुसतं "अगं". मला वाटायचं, त्याला सवयच नाही बायकोचं नाव घ्यायची. होती की सवय.

तरी मी मान ताठ ठेवून खिडकीपाशी गेले. "बाई, आता दाखला द्या. आमच्या लग्नाची नोंद करायचीय."

"दाखला मिळेल," चष्मेवाली म्हणाली, "पण नोंद इतक्यात होणार नाही. दार्केमबाईंची इद्दत संपेपर्यंत थांबावं लागेल, साधारण तीन महिने."

"इद्दत तिची, आणि थांबायचं मी?"

"नवऱ्यानं दिलेला पहिला तलाक आहे ना. इद्दत संपेपर्यंत तो तिला परत घेऊ शकतो. नवा निकाह लागत नाही, परत घेतली म्हणायचं आणि नोंद करायची. म्हणून तोवर दुसऱ्या लग्नाची नोंद घेत नाहीत." तिनं चष्मा पुसला. "दार्केमबाईंनी स्वतः तलाक मागितला असता तर ते दार कायमचं बंद झालं असतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं की! गाडीवर येऊन, माझं रुंबाह खाऊन सांगितलं होतं. आणि मीच शहाणी! आपल्या हातानं धोंडा उचलला, नेम धरून आपल्याच पायावर घातला.

दार्केम पायऱ्यांवर चपला घालत होती. मी तरातरा गेले. "यायू, तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"होतं ना. म्हणून तर म्हटलं, मी अर्ज टाकते." ती शांतपणे म्हणाली. "तुला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलंस ना पोटभर?" मग तिनं हातातला निकालाचा कागद माझ्यापुढे धरला. "आणखी एक राहिलं. असा तलाक मिळाला की इद्दतीत बायकोच्या राहण्याची सोय नवऱ्याच्याच घरी. न्यायाधीशांनी लिहून दिलंय. माझ्या अर्जात नसतं मिळालं हे."

"तुम्ही तर आईच्या खोपटात राहणार होतात!"

"ते गळतं गं," ती म्हणाली. "आणि माझ्या फरशा बघायच्यात मला."

तार्सिवानकडे पाहिलं. तो मोटारसायकलची किल्ली शोधत होता. स्वतःच्याच हातात होती.

संध्याकाळी ती एक बॅग घेऊन आली. तिला काही दाखवावं लागलं नाही. दिव्याचं बटण तिला माहीत, पाण्याचा माठ माहीत, मागच्या दाराची कडी उचलून लावावी लागते हेही माहीत. चुलीवरचं कालवण चाखून तिनं न विचारता त्यात मीठ घातलं. मी दात-ओठ खाऊन भात उपसला. पुढच्या खोलीत तिची चटई अंथरली, आमच्या दारापासून जितकी लांब जाईल तितकी. दोघी समोरासमोर बसून वाटाणे सोलायला लागलो. करणार काय?

तार्सिवान विहिरीजवळच्या न्हाणीत अंघोळ करत होता. तिथून त्यानं नेहमीसारखी हाक मारली, "अगं, टॉवेल दे गं!"

आम्ही दोघी उठलो. एकदमच.

दोघींच्या मांडीवरचे वाटाणे हिरव्या फरशीवर सांडले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती हसली आणि खाली बसली. "जा बाई, तूच जा. मला तलाक दिलाय ना."

टॉवेल मीच नेला. त्यानं दाराआडून ओला हात बाहेर काढला, टॉवेल घेतला, आणि कुणी आणून दिला ते बघितलंसुद्धा नाही.