कड गुळगुळीत असेल तर

आमच्याच तोफा आमच्यावर मारा करत होत्या आणि टेलिफोनची तार तुटली होती. रशियातला डिसेंबर, त्यामुळे साडेचारलाच काळोख. खंदकाच्या खोलीतला दिवा पहिल्याच गोळ्यानं फोडला, काडेपेट्यांचा लगदा झालेला.

इशाऱ्याच्या पिस्तुलातून आकाशात हिरव्या उजेडाचा बार म्हणजे ‘मारा पुढे न्या’. तांबडा म्हणजे ‘इथेच मारा’. पिशवीत दोन काडतुसं उरली होती. कुठली, देव जाणे. हत्यारं माझ्या ताब्यात, म्हणून शिव्याही मलाच.

“चाचपून कळतं ना रे?” लेफ्टनंट डालकांप ओरडले.

“कळतं, साहेब. बुडाची कड सगळी खाचांची असेल तर तांबडं, अर्धी खाचांची तर पांढरं, गुळगुळीत असेल तर हिरवं.”

ज्या शहाण्यानं हे योजलं, त्यानं अंधाराचा विचार केला होता. उणे तीसचा नव्हता केला. आम्हा सहा जणांत साठ बोटं, पण जिवंत एकही नाही.

“जिभेनं बघा,” कोणीतरी सुचवलं.

“चिकटेल, गाढवा. मग रंग कोण सांगणार, तुझी आजी?”

तेवढ्यात क्राइटमायर कोट उघडू लागला. जर्मनीतल्या बव्हेरियाचा हा बाप्या इतका गुदगुल्या होणारा, की पलटण नुसतं बोट दाखवून त्याला नाचवायची. “पोटावर फिरवा,” तो म्हणाला. “हसलात तर याद राखा.”

मी तळव्यांत धरून पहिलं फिरवलं.

“काय लागतंय?”

“काहीच नाही.”

“गुळगुळीत आहे, की पोट बधिर झालंय?”

“मला काय ठाऊक!”

छताचं एक लाकूड खाली आलं. कोणीतरी रडत होतं. मी दुसरं फिरवलं. क्राइटमायर किंचाळला, “आई गं! खाचा, खाचा!”

म्हणजे पोट जिवंत होतं. पहिलंच हिरवं.

मी ते पिस्तुलात भरलं. पिस्तूल क्राइटमायरनं हिसकावलं. “चुकलो असेन तर तुमच्या शिव्या ऐकायला मी आत नको,” म्हणाला आणि ढिगाऱ्यावरून बाहेर सरपटला.

बार उडाला. दाराच्या फटीतून उजेड आला तेव्हा आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. सगळी हिरवी.

मागे तोफा थांबल्या. पण दोन गोळे आधीच निघाले होते. एक लांब पडला. दुसरा दाराबाहेर.

“क्राइटमायर!” साहेबांनी हाक मारली. मग पुन्हा मारली, जरा हळू.