तुडुमातली रीना

डोळे मिटा बरं जरा. घट्ट. आता समजा, तुमच्या पुढे कुणीतरी गात चाललं आहे आणि तुम्हाला फक्त त्या आवाजामागून जायचं आहे. हात धरायचा नाही, काठी घ्यायची नाही. आवाज वळला की वळायचं, थांबला की थांबायचं. जमेल?

एकोडीच्या चिंधू आबाजींना जमायचं. त्यांचे दोन्ही डोळे गेले होते, पण काठीचं नाव काढलं की ते चिडत. "काठी म्हाताऱ्यायले लागते. मले माही नात आहे." रोज दुपारी नात रीना गात पुढे चालायची आणि आबाजी मागून, घरापासून थेट तळ्याच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडापर्यंत. रीनाचा आवाज वरच्या सुरात गेला की किंचित अडकायचा, जणू घशात बोराची बी. त्या अडकण्यावरून आबाजी तिला शंभर पोरींत ओळखत.

तेच अडकणं रत्नाबाईंना खटकलं. विहारात जयंतीच्या कार्यक्रमाची गाणी त्या बसवत होत्या. "गळा गोड आहे तुहा, पण वर जाऊन ठेचकाळते. पक्कं कर, नाही तर दुसरीले उभी करीन."

चुलतभाऊ धम्मदीप तर टपलेलाच. "रीना गाते का बकरी वरडते व?"

रीना हट्टाला पेटली. आबाजी मोहाखाली डुलकी घेत, तेव्हा ती तुडुमाशी जाई. तुडूम म्हणजे तळ्याचं पाणी शेतात सोडायची, पाळीच्या पोटातून जाणारी जुनी दगडी मोरी. उन्हाळ्यात ती कोरडी असे. शेताकडच्या तोंडात डोकं घालून गायलं की आवाज फिरून परत येई आणि आपली चूक आपल्यालाच ऐकू येई. गायचं, ऐकायचं, पुन्हा गायचं. ऊन मी म्हणायचं. आसपास चिटपाखरू नसायचं.

एका दुपारी वरचा सूर अडकलाच नाही. कोशाच्या धाग्यासारखा सलग निघाला. रीना टाळी वाजवणार, तोच मोरीतून तो परत आला.

अडकून.

तिला वाटलं, भास असेल. ती पुन्हा गायली, सलग. मोरीने पुन्हा अडकवून परत दिला.

तिथून पळावं असं तिच्या पायांना वाटलं. पण सूर सापडला होता ना! ती रोज येत राहिली. तिचं गाणं जितकं नितळ होई, तितकं मोरीतलं ते अडकणं ठळक होई, जणू तिने टाकलेलं आत कुणी वेचून ठेवत होतं.

रत्नाबाईंनी पाठ थोपटली. "आता कसं! एक खोट नाही." त्या दिवशी रीना गातच घराच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, शिरली. आबाजींनी मान वर केली. "कोण पाहुणी आली व? पाणी द्या रे पोरीले."

सगळे हसले. रीनाही हसली, पण जरा उशिरा. त्या दिवसापासून तिच्यामागून चालताना आबाजी चाचपडू लागले. मध्येच थांबून विचारत, "रीनाच ना?"

जयंतीच्या आदल्या दुपारी आबाजी मोहाखाली बसले होते. रीना थोडी लांब मोहफुलं वेचत होती, गप्प. तेवढ्यात तळ्याच्या अंगाने तुडुमातून गाणं सुरू झालं. तिचंच गाणं, तिचाच आवाज. वर गेला आणि अडकला.

आबाजी उठले. चेहरा उजळला. "आली माही रीना." आणि पाळ उतरून ते सरळ आवाजाकडे निघाले. तुडुमाच्या तळ्याकडच्या तोंडाशी गाळ होता, वरून सुकलेला, खाली म्हैस गडप होईल इतका खोल.

"आबाजी, मी इकडं आहो!"

"असशीन बाई. मले माही नात बलावून राहिली."

रीना धावत सुटली. धावता धावताच तिने गाणं धरलं. ते खणखणीत निघालं, पण आबाजी वळले नाहीत. मग वरच्या सुरात ती मुद्दाम अडकली.

"कायले नक्कल करते व तिची?" आबाजी म्हणाले आणि त्यांचा पाय गाळात गेला. मग दुसराही.

रीनाने त्यांचा हात धरला आणि सगळं बळ लावून मागे ओढलं.

"कोणाची व तू?"

तिने आणखी जोर लावला. आबाजींना कसंबसं वर काढलं, तसंच धरून घराकडे चालवलं. मागे गाणं चालूच होतं. आबाजी वाटभर मान वळवत होते. "तिले आन ना व. पोरगी तिकडंच रायली."

दुसऱ्या दिवशी रीना मांडवात गायली. एकही खोट नव्हती. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत आबाजींनी शेजाऱ्याला विचारलं, "छान गायली. कोणाची पोरगी हो?"

त्याच्या पुढच्या दुपारी रीना एकटीच पाळीवर गेली. तिने तुडुमात डोकं घातलं. आतून सूर आला, वर गेला, अडकला. तिने तो नीट ऐकला. मग पहिल्याच दिवशी शिकायला बसावं तशी ती त्याच्यामागून गाऊ लागली. जमलं नाही. तिने घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.